वेशीबाहेरचे घर

वेस आता आपल्या बोलण्यात म्हणीपुरती उरली आहे. कोणाची लक्तरे वेशीवर टांगली जातात; कोणी दुसऱ्याचा भार गावच्या वेशीपर्यंतच वाहतो. परंतु प्रत्यक्ष दरवाजा आणि बुरूज असलेली वेस पाहावयाची तर आडगावीच जावे लागते. जुन्या काळी मात्र या वेशीची सत्ता मोठी होती. दिवेलागणीनंतर दरवाजा लागला की आतला तो आतला आणि बाहेरचा तो बाहेरचा. आत वाडे, देवळे, बाजारपेठ आणि आळीआळीने वसलेली घरे. बाहेर शेते, स्मशान आणि गावाने ज्यांच्या हातची कामे घेतली, पण ज्यांची सावली टाळली, त्यांची वस्ती. वेशीच्या आत राहणे हा मान होता, संरक्षण होते. वेशीबाहेर राहणे ही शिक्षा होती, आणि ती जन्माबरोबर मिळत असे.

आज शहरातील बरे दिवस आलेल्या कुटुंबास घर कोठे हवे म्हणून विचारावे, तर उत्तर येते, ‘जरा बाहेरच्या बाजूला, शांत जागी, चार झाडे असतील तेथे.’ म्हणजे पूर्वज जिला शिक्षा मानीत, तिची आपल्याला हौस वाटू लागली. हा पालट फार जुना नाही. सव्वाशे वर्षांच्या आतबाहेरचा आहे. तो कोणत्या भयातून झाला, कोणत्या नियमांनी झाला, त्याचा लाभ कोणाला मिळाला आणि मोल कोणी दिले, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आम्ही मुंबईची दादर-माटुंगा वसाहत निवडली आहे. नकाशा आधी आणि घरे मागाहून, अशा रीतीने वसलेली मुंबईतील ही पहिली मोठी वसाहत. त्यामुळे माणसांचे हेतू येथे रस्त्यांच्या रेषांतूनही वाचता येतात.

या कथेचा आरंभ बागेतून होत नाही, गोदीजवळच्या दाट वस्तीतून होतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील एका रुग्णाला ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, झाल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. त्यानंतरचे दिवस मुंबईने पूर्वी कधी पाहिले नव्हते. गोदामे ओस पडली, गिरण्यांना कामगार मिळेनात, स्टेशनांवर बोचकी घेतलेल्या माणसांची रीघ लागली. लाखो माणसे गावी पळाली. १८९१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांवर होती. १९०१ साली ती ७ लाख ७६ हजारांवर आली. मुंबईसारखे वाढते शहर दहा वर्षांत आटले, एवढ्यावरूनच त्या तडाख्याची कल्पना यावी.

रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे त्या वेळी वैद्यांच्याही ध्यानात पुरते आले नव्हते. दोष कोंदट हवेचा, ओलसर जमिनीचा आणि दाटीचा, असे मानले जाई. हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस स्वतःला टोचून घेतली. परंतु लस टोचणे एकीकडे आणि शहराची रचना बदलणे दुसरीकडे. सरकारने दोन्हींचा पाठपुरावा केला, आणि १८९७ च्या साथरोग कायद्याने घरांत शिरण्याचा, माणसे हलविण्याचा अधिकारही हाती घेतला. त्याचे पुण्यात काय पडसाद उमटले हे येथे सांगावयास नकोच. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या साथीच्या वर्षांत हजारो कुटुंबे घरे सोडून उघड्या माळावर, झापांच्या आणि तट्ट्यांच्या झोपड्यांत राहिली. शहरातला मनुष्य पिढ्यांनंतर प्रथमच वेशीबाहेर मुक्कामाला गेला आणि तेथे जगला. उघडी हवा जीव वाचविते ही समजूत त्या दिवसांत मनात घर करून बसली. पुढच्या साऱ्या बंगल्यांचा, बागांचा आणि वसाहतींचा पाया या भयात आहे.

१८९८ साली मुंबई सरकारने कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. त्याच्याकडे मुख्यतः तीन कामे होती : दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, नवी जमीन बांधणीस आणणे, आणि गरिबांसाठी घरे बांधणे. पहिल्या कामाची साक्ष म्हणून सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, हे रस्ते आहेत. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा म्हणून ते घरांच्या रांगा फोडून काढण्यात आले. दुसऱ्या कामासाठी ट्रस्टची दृष्टी बेटाच्या उत्तर टोकाकडे गेली. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या पलीकडे दादर, माटुंगा, वडाळा, शीव ही खेडी होती. त्या पट्ट्यासाठी १८९९-१९०० च्या सुमारास योजना आखण्यात आल्या. एकट्या दादर-माटुंगा भागात सुमारे ६० हजार माणसांची सोय करण्याचा अंदाज होता.

त्या काळी तेथे काय होते? भातखाचरे, नारळीच्या वाड्या, खाडीकडे मिठागरे, मधूनमधून आगरी, कोळी, भंडारी यांची घरे. आणखी एक वास्तू होती, आणि ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९० साली माटुंग्याच्या रानात निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडण्यात आला होता. पुढे त्याला महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांचे नाव मिळाले. शहराला जे नजरेसमोर नको होते ते त्याने माटुंग्यास नेऊन ठेवले होते. म्हणजे ‘वेशीबाहेर’ या शब्दाचा जुना अर्थ तेथे अजून जिवंत होता. त्याच जागेच्या शेजारी दहा वर्षांच्या आत शहरातील शिकल्यासवरल्या लोकांसाठी रस्ते आखले जाऊ लागले.

आणि ही जमीन रिकामी नव्हती. ती कायद्याने संपादन करून घ्यावी लागली. मोबदल्यावरून वाद झाले, खटले चालले, वर्षे गेली. शेत गेलेल्या कुळाला नव्या वसाहतीत भूखंड मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या झाडांच्या सावलीचे आपण आज कौतुक करतो त्यांच्या आधीही तेथे झाडे होती. ती कोणाच्या तरी पोटाची होती. वसाहतीचा इतिहास लिहिताना या पहिल्या पानावर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

योगायोग असा की ज्या साली हा ट्रस्ट जन्मला त्याच साली, १८९८ मध्ये, लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांचे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. हॉवर्ड हे ना स्थापत्यकार होते ना धनिक. पार्लमेंटच्या कामकाजाचे लघुलेखन करणारे एक साधे गृहस्थ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शहरात धंदा आहे पण हवा नाही, खेड्यात हवा आहे पण धंदा नाही, तेव्हा दोहोंचे गुण एकत्र आणणारे उद्याननगर वसवावे. सहा हजार एकर जमीन घ्यावी, एक हजार एकरांवर नगर, उरलेल्यावर शेती. वस्ती सुमारे ३२ हजारांवर थांबवावी. या योजनेत बागांहून मोलाची एक गोष्ट होती. जमिनीची मालकी नगराची सामाईक राहावी, आणि वस्ती वाढल्याने जमिनीचे जे मोल वाढेल ते एकट्यादुकट्याच्या खिशात न जाता साऱ्या नगराच्या उपयोगी पडावे, असे त्यांनी सांगितले. १९०३ साली लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथे या कल्पनेला मूर्त रूप मिळू लागले.

जगभर हॉवर्डचे नाव झाले, पण अनुकरण मात्र त्यांच्या बागेचेच झाले. सामाईक मालकीचे फारसे झाले नाही. १९०७ साली लंडनच्याच कडेला हॅम्पस्टेड येथे उद्यान-उपनगर सुरू झाले. तेथे झाडे होती, सुबक घरे होती. धंदा मात्र लंडनातच. उद्याननगर आणि उद्यान-उपनगर या दोन शब्दांत अक्षरे थोडी वेगळी असली तरी अर्थात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात मनुष्य राहतो आणि राबतो. दुसऱ्यात तो रात्रीपुरता येतो, आणि त्याची शांतता दुसऱ्या कोणत्या तरी गजबजाटावर पोसलेली असते. दादर-माटुंगा हे या दुसऱ्या जातीचे.

तरीही ट्रस्टच्या कामात एक गुण होता, आणि तो नजरेआड करता कामा नये. ट्रस्टने जमीन विकून टाकली नाही. भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले, आणि पट्ट्यात अटी घातल्या. किती भाग बांधावा, किती मोकळा ठेवावा, रस्त्यापासून किती मागे सरावे, किती मजले चढवावेत, हे मालकाच्या मर्जीवर राहिले नाही. या अटींतील सर्वांत लक्षात राहण्यासारखी अट म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी हिरिरीने पुरस्कारलेला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम.

हा नियम दिसतो तितका अवघड नाही. आपल्या खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहावे. नजरेची ती रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करता कामा नये. व्यवहारात याचा अर्थ असा की, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. चाळीस फूट उंची तर वीस फूट अंतर. ४५ अंशांचा नियम लावला असता तर उंचीइतकेच अंतर सोडावे लागले असते. मुंबईच्या जमिनीच्या भावात ते जमण्यासारखे नव्हते, म्हणून हा मधला मार्ग. त्यामुळे तळमजल्यावरच्या बिऱ्हाडालाही आकाशाचा तुकडा मिळू लागला. भुलेश्वर-मांडवीच्या चाळींत आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका कोनाची किंमत कळेल. उजेड कोणाच्या औदार्यावर सोडला नव्हता. तो पट्ट्याच्या कागदात लिहिला होता.

नियम झाले, रस्ते आखले गेले, पण घरे लौकर उभी राहिली नाहीत. संपादनाचे खटले, मग पहिले महायुद्ध, बांधकामाच्या मालाची टंचाई. खरी वस्ती झाली ती १९२० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत. आणि जी झाली ती आखणाऱ्यांच्या मनातील चित्राप्रमाणे झाली नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर बंगल्या होत्या : पुढे बाग, मागे विहीर, एक कुटुंब, एक छप्पर. परंतु येथे येऊ इच्छिणारा मनुष्य कोण होता? कचेरीतला कारकून, शाळामास्तर, नवा वकील, छोटा दुकानदार. त्याला बंगली कोठून परवडणार? मग भूखंड घेणाऱ्यांनी दुमजली-तिमजली इमारती बांधल्या आणि एकेका मजल्यावर दोन-चार बिऱ्हाडे भाड्याने ठेवली. त्या बिऱ्हाडाला मुंबईच्या मराठीत नाव मिळाले ‘ब्लॉक’. ब्लॉक हा शब्द आपल्या मध्यमवर्गाच्या इतिहासातील एक मोठा शब्द आहे.

चाळीत खोली असे. ब्लॉकमध्ये घर असे. चाळीत नळ सामाईक, संडास मजल्याच्या टोकाला, आणि समोरून जाणारी गॅलरी सगळ्यांची. ब्लॉकमध्ये स्वयंपाकघर वेगळे, मोरी आत, आणि पुष्कळांना प्रथम शिसारी वाटावी अशी गोष्ट म्हणजे संडासही घराच्या आत. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना बाळगणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे पचवावयास वेळ लागला असेल तर नवल नाही. पण सर्वांत मोठा फरक दाराचा होता. चाळीचे दार रात्रीच लागे. ब्लॉकचे दार दिवसाही बंद राहू लागले. शांतता आली ती या बंद दारातून. तिच्याबरोबर गॅलरीतली वर्दळ गेली, भांडणे गेली, आणि अडीनडीला न हाक मारता धावून येणारा शेजारही थोडा गेला. आम्ही चाळीचे गोडवे गात नाही. तेथील दाटीत किती लेकरे दगावली हे विसरून गॅलरीची गाणी म्हणणे बरे नव्हे. परंतु एक मिळविताना दुसरे सुटले, हे मांडून ठेवणे इतिहासाचे काम आहे.

सुटले त्याची भरपाई या लोकांनी कशी केली ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी संस्था उभारल्या. १९२३ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली. १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. कारण कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी मद्रासकडून आलेली कुटुंबे माटुंग्यात स्थिरावली होती, आणि त्यांची मंदिरे, खाणावळी, फुलांची दुकाने यांनी त्या भागाला वेगळाच चेहरा दिला होता. १९३७ साली रुईया आणि खालसा ही महाविद्यालये सुरू झाली. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेमार्ग जवळ. ट्राम किंग्ज सर्कलपर्यंत जाई. ट्रामचा शेवटचा फेरा १९६४ च्या ३१ मार्चला झाला. पण ‘दादर टी. टी.’ या नावात तिचे टर्मिनस अजून ठाण मांडून आहे. किंग्ज सर्कलचे आता माहेश्वरी उद्यान झाले. नावे बदलली तरी वर्तुळ तेच आहे.

या सर्वांत पारशी कॉलनीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टच्या नोकरीत इंजिनियर होते. मध्यम स्थितीतल्या पारशी कुटुंबांसाठी भूखंड राखून ठेवावेत म्हणून त्यांनी ट्रस्टचे मन वळविले आणि वसाहत उभी करण्यात आयुष्य वेचले. बुटक्या इमारती, रस्त्यांच्या दुतर्फा विचारपूर्वक लावलेली झाडे आणि मध्ये पाच बागा, असे तिचे रूप. त्या पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. मुंबईतील इतर पारशी बागांना कुंपण आणि फाटक असते. या कॉलनीला नाही. तिच्या रस्त्यांवरून कोणीही जावे आणि पाच बागांत कोणीही बसावे. वेस नसलेली वसाहत म्हणून तिचा मान आम्हांला मोठा वाटतो.

शेजारीच हिंदू कॉलनी. नाव ऐकून तिचा विचार करावा. वाळकेश्वर असो वा गिरगाव, जुन्या जागांची नावे देवावरून, झाडावरून, जागेवरून पडत. नव्या जागांची नावे जमातींवरून पडली. जुन्या गावातील आळी वेश ओलांडून बाहेर आली आणि कॉलनी म्हणून नांदू लागली, असेच म्हटले पाहिजे. शहर सोडून मनुष्य मोकळ्या हवेत आला, पण बरोबर गाठोड्यात काय घेऊन आला ते या नावांवरून कळते.

आता ट्रस्टच्या तिसऱ्या कामाकडे वळू. गरिबांची घरे बांधणे हेही त्याचे कर्तव्य होते. रस्ते काढताना ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, त्या मानाने बांधल्या थोड्या. पाडलेल्या घरांतील माणसे बागांत आली नाहीत. ती शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिली आणि भाडी चढली. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगरविचारक १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडीवर त्यांचा कटाक्ष होता. वैद्य जसा जपून शस्त्र चालवितो तसे शहरावर चालवावे, एखादे पडके घर काढून तेथे झाड लावावे, अंगण मोकळे करावे, पण वस्ती उठवू नये, असे ते सांगत. त्यांचे ऐकणारे थोडे निघाले.

ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्या लोकांच्या तोंडी ‘बीआयटी चाळी’ झाल्या. पुढे १९२० नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या, त्या ‘बीडीडी’. नायगावच्या चाळी आणि दादरच्या बागा यांत अंतर पायी काही मिनिटांचे. एकाच साथीच्या भयातून, एकाच काळातल्या सरकारी दप्तरांतून, एकीकडे सामाईक नळाची एकेक खोली निघाली आणि दुसरीकडे झाडांच्या रांगेतला ब्लॉक.

हे अंतर एका माणसाने चालून दाखविले. परळच्या पोयबावडीजवळील बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. समोरासमोरच्या दोन खोल्या, क्रमांक ५० आणि ५१. एकीत संसार, दुसरीत ग्रंथ. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या घेऊन आलेला हा विद्वान महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी, १९२७ साली, याच चाळीत राहत होता. मधल्या काळातील बडोद्याचा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशातून शिकून तेथे नोकरीवर गेलेल्या या मनुष्याला राहावयास जागा मिळेना. पारशी उतारगृहात आश्रय घेतला, तर जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून काढले. मित्रांनीही घरात घेतले नाही. एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. घर म्हणजे काय आणि वेस म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल?

त्याच पुरुषाने १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. नाव ठेवले ‘राजगृह’. बिंबिसाराची मगधातील राजधानी ती राजगृह. बुद्धाच्या वास्तव्याने पावन झालेली. धर्मांतराची घोषणा व्हावयाची होती, पण घराच्या कपाळावरचे नाव पुढची दिशा सांगत होते असे आज वाटते. घराचा आराखडा ग्रंथांची गरज डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. ज्यांच्या पूर्वजांना वेशीच्या आत घर बांधण्याची मुभा नव्हती, त्याने शहरातील सुशिक्षितांनी निवडलेल्या वसाहतीत हजारो ग्रंथांसाठी वास्तू उभारली. दुसरे लोक येथे प्लेगपासून दूर पळून आले होते. हे शतकांच्या एका प्लेगशी झुंजण्यासाठी आले. चाळीत काबाडकष्ट केलेल्या रमाबाईंना मात्र हे सुख फार दिवस लाभले नाही. १९३५ च्या २७ मे रोजी त्या राजगृहातच वारल्या. पुढे १९५६ च्या डिसेंबरात दिल्लीहून बाबासाहेबांचा देह याच घरी आणण्यात आला आणि ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी चाळींतून, गावांतून लाखो माणसे दादरमध्ये आली होती. शांत वसाहतीच्या रस्त्यांना आपण कोणाच्या शहरात आहोत हे तेव्हा कळले असले पाहिजे.

वेशीबाहेर स्वेच्छेने जाणारी आणखी एक जात होती, आणि तिचे उत्तम उदाहरण मुंबईत नसून पुण्यात आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकविणे हे शहरातील पुष्कळांच्या डोळ्यांत सलत होते, आणि त्यात प्लेगची भर पडली. गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून अण्णासाहेब त्या माळापर्यंत पायी जात. तेथे ना रस्ता होता ना दिवा. त्या झोपडीतून पुढे केवढे कार्य उभे राहिले हे महाराष्ट्र जाणतो. आणि गंमत अशी की ज्या कार्याला गावाने जवळ केले नाही, त्या कार्याच्या मागोमाग गावच हिंगण्यापर्यंत गेले, आणि त्या भागाला कर्वेनगर म्हणू लागले.

म्हणजे वेशीबाहेर तीन प्रकारची माणसे गेली. एक, ज्यांना घालविले गेले. दुसरी, जी जीव आणि आरोग्य वाचविण्यासाठी गेली. तिसरी, ज्यांना गावात न मावणारे काम करावयाचे होते. दादर-माटुंग्याच्या भूमीवर आधी कुष्ठरोगी होते, मग ब्लॉकवाले आले, मग राजगृह उभे राहिले. एवढ्याशा जागेत वेशीच्या शब्दाचे तिन्ही अर्थ येऊन गेले.

पुढची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंना आधार मिळाला, आणि भाडे गोठल्याने मालकांनी डागडुजीकडे पाठ फिरविली. १९५० साली उपनगरे महापालिकेत आली, १९५७ साली हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. आणि शहराचे टोक म्हणून वसलेले दादर शहराच्या मध्यावर आले. जमिनीचे मोल वाढले. तिमजली इमारती पाडून त्यांच्या जागी मनोरे चढू लागले, आणि कोनाचा तो जुना नियम कोणाच्या गावी राहिला नाही. वस्ती वाढल्याने वाढणारे जमिनीचे मोल नगराच्या कामी यावे, असे हॉवर्ड सांगत होते. ते नेमके कोठे जाते हे श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे.

दरम्यान कडेची हौस आणखी बाहेर गेली. आज प्रत्येक शहराच्या टोकाला नवी संकुले उभी राहतात. त्यांच्या जाहिरातींत हिरवाई असते, शांतता असते. आणि दाराशी फाटक असते, पहारेकरी असतो, येणाऱ्याजाणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाते. घरकाम करणाऱ्या बायकांना, भाजीवाल्याला थांबवून विचारपूस होते. गावाची वेस ढासळली म्हणून आम्ही आनंद मानीत होतो. ती ढासळली नाही, तिच्या शंभर लहान वेशी झाल्या.

म्हणून या इतिहासातून घ्यावयाचे ते असे. शांतता आणि सावली या निसर्गाने दिलेल्या वस्तू आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः शहरात त्या माणसांनी केलेल्या असतात. कोणी भूखंडाचा भाग मोकळा सोडला, कोणी उजेडाचा कोन मोजला, कोणी रस्त्याकडेला आपल्याला न लाभणाऱ्या सावलीचे झाड लावले, आणि कोणाचे शेत त्यासाठी गेले. इतक्यांचे देणे ज्या सावलीवर आहे ती एका कुंपणात कोंडून ठेवण्याचा हक्क कोणाला पोचत नाही. वसाहत चांगली की वाईट, हे तिच्या आतल्या बागेवरून ठरवू नये. त्या बागेत बाहेरचा किती जणांना बसता येते आणि शेजारच्या चाळीत आकाश किती दिसते, यावरून ठरवावे. पाच बागांच्या वसाहतीने फाटक न लावता शंभर वर्षांच्या आसपास शांतता राखून दाखविली आहे. शांततेला भिंत लागतेच असे नाही, एवढे त्या उदाहरणाने सिद्ध झाले आहे. नव्या वसाहती आखणाऱ्यांनी आणि तेथे राहावयास जाणाऱ्यांनी ते आपापल्या दाराशी आठवावे.